प्रेक्षकाचा पत्ता

दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर तोच परिसंवाद होतो: खेड्यात राहून कलावंत होता येतं का? मंचावर दोन पक्ष असतात. पहिला म्हणतो, पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही खरं नाही. तिथं संस्था आहेत, जाणकार आहेत, पैसा आहे. दुसरा म्हणतो, ते दिवस गेले, आता मोबाइल आहे, बांधावर बसून जगाला गाणं ऐकवा. या दुसऱ्या पक्षात एक भाबडा उपपंथही असतो. निसर्गाच्या कुशीत प्रतिभा आपोआप फुलते, असं त्याचं म्हणणं. हा उपपंथ सहसा रात्रीच्या गाडीनं शहरात परत जातो. टाळ्या दोघांनाही पडतात आणि वाद होता तिथंच राहतो.

मी चित्रं काढतो आणि पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात राहतो. नागपूरला शिकलो, काही वर्षं तिथंच काढली, मग परत आलो. त्यामुळे या वादात मला दोन्ही बाजूंकडून साक्षीदार म्हणून ओढलं जातं. माझं म्हणणं थोडक्यात असं: दोन्ही पक्ष एकच चूक करतात. कलावंतानं कुठं राहावं यावर ते भांडतात, पण त्याचं काम बघणारा, त्याला पैसे मोजणारा, त्याला नावं ठेवणारा माणूस कुठं राहतो, हे कुणी विचारत नाही. तो शहरात किंवा पडद्याच्या पलीकडेच असणार, हे दोघांनीही गृहीत धरलेलं आहे. मला वाटतं, दुर्गम भागातली कला अंतरामुळे मरत नाही. आपल्याच पंचक्रोशीशी तिचा हिशेब तुटला, की ती मरते.

शहरवाद्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करतो, कारण माझ्या बाजूचे लोक तो नेहमी टाळतात. गाव सगळ्यांचं सारखं नसतं. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाला अज्ञानाची आणि संकुचितपणाची गुहा ठरवलं, तेव्हा ते गावगाड्याचा हिशेब स्वतःच्या अनुभवावरून मांडत होते. १९२० मध्ये वाटेगावात जन्मलेले अण्णाभाऊ साठे लहानपणीच घरच्यांसोबत पायी चालत मुंबईला आले. मुंबई नसती तर शाहीर अण्णाभाऊ झाले असते का? नामदेव ढसाळांची कविता गोलपिठ्याशिवाय कशी उभी राहिली असती? आणि बाईचं काय? नाटकात काम करून पहाटे घरी आलेल्या मुलीकडे गाव ज्या नजरेनं बघतं, ती नजर मी बघितली आहे. शहरातली अनोळखी गर्दी अशा कितीतरी जणांना पहिल्यांदा मोकळा श्वास देते. ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं त्याला ‘मातीशी नातं तोडू नकोस’ हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

पण अण्णाभाऊंचंच उदाहरण नीट उलगडून बघा. मुंबईनं त्यांना दिलं काय? कलादालन नाही, समीक्षक नाही. साताऱ्या-सांगलीहून, कोकणातून गिरण्यांत आलेले लाखभर कान दिले. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं, ते या कामगारांसमोर. ‘माझी मैना गावाकडं राहिली’ ऐकताना चाळीतल्या माणसाला कुणी तळटीप द्यावी लागली नाही. त्याची मैना खरोखरच गावाकडं होती. अण्णाभाऊंना भेटली ती जातीचा काच थोडा सैल झालेली आणि दर महिन्याला पगार हातात येणारी एक पंचक्रोशी. ती गिरणगावात होती हा इतिहासाचा भाग. उद्या तीच माणसं, तीच मोकळीक आणि तोच पगार गडचिरोलीतल्या आष्टी-अहेरीला असेल, तर शाहीर तिथं उभा राहील. म्हणजे अण्णाभाऊंच्या गोष्टीतून शहर जिंकलं असं निघत नाही. प्रेक्षक जिंकला, एवढंच निघतं.

आता निसर्गपंथीयांकडे वळू. त्यांचं हुकमी पान म्हणजे बहिणाबाई चौधरी. असोद्याची लेक, अक्षरओळख नाही, जात्यावर आणि शेतात सुचलेली गाणी; बघा, गावाच्या मातीत कसं उगवतं! उगवतं, हे खरंच. पण ते आपल्या हाती कसं आलं? मुलानं आणि एका नातलगानं जमतील तेवढी गाणी टिपून ठेवली होती. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या, त्यानंतर तो वहीतला ऐवज आचार्य अत्र्यांसमोर आला आणि १९५२ साली पुस्तक झालं. घरात लिहिता मुलगा नसता तर? खानदेशात त्या पिढीत जात्यावर बसणाऱ्या किती बायका होत्या आणि त्यांच्यातल्या किती जणींच्या घरी सोपानदेव होता? बहिणाबाई गावाच्या यशाची साक्ष म्हणून उभ्या केल्या जातात. मला त्यांच्या आगेमागे हरवलेल्या वह्यांची रांग दिसते.

याच्या उलट एक जुनं उदाहरण बघा. सतराव्या शतकात तुकोबा देहूत बसून अभंग रचत होते. त्या काळी त्यांचे अभंग ऐकून कुणी त्यांच्या शोधात देहूला यावं, तर ते ऐकले कुठं असतील? संत बहिणाबाईंनी ते कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात ऐकले आणि त्या ओढीनं त्या देहूला गेल्या. मधे छापखाना नव्हता, राजाश्रय नव्हता, राजधानीही नव्हती. होती ती कीर्तनकारांची ये-जा, वारी, दिंड्या आणि पाठांतर करणारी माणसं. गावातून गावात जाणारी ही एक बळकट वाहतूक होती, आणि तिच्यात नुसता माल जात नव्हता, दादही परत येत होती, विरोधही येत होता. अभंग बुडवायला लावणारे याच वाहतुकीतून देहूपर्यंत पोचले, हेही विसरून चालणार नाही. कला दुर्गम भागात जगते ती अशा वाहतुकीवर. निसर्गाची कूस सगळ्याच गावांना असते, वाहतूक थोड्यांना.

माझ्या भागात ही वाहतूक अजून चालू आहे, म्हणून मी एवढ्या ठामपणे बोलतो. झाडीपट्टीची रंगभूमी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत धान कापून झाला, दिवाळी-भाऊबीज उरकली, की मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हा हंगाम. वैनगंगेकाठच्या वडशाला नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, त्यांच्यावर दुकानांसारख्या पाट्या आहेत. गावोगावची मंडळं येतात, नटसंच विचारतात, घासाघीस करतात, बयाणा देऊन तारीख ठरवतात. मग गावात मंडप, तिकीट, पाहुण्यारावळ्यांनी भरलेली घरं, दिवसा सोयरिकीच्या गोष्टी आणि रात्रभर नाटक. ऑर्गन आहे, तबला आहे, ऑक्टोपॅडही आहे. मुंबईचा ओळखीचा चेहरा हवा असेल तर त्याला बोलावलं जातं. तो इथं पाहुणा, आणि वडशाच्या गणितात बसला तरच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या, पट बंद झाले. नाटक बंद झालं नाही. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली तेव्हा पट पुन्हा सुरू झाले, आणि नाटक तिथंच होतं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा राज्यातल्या अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. इकडच्या लोकांना हसू आलं. ज्या माणसाला पाहायला आपण थंडीत घोंगडी घेऊन जात होतो, तो आज ‘सापडला’ म्हणे.

यावरचा आक्षेप मला पाठ आहे, आणि तो खोटा नाही. झाडीपट्टीतलं नाटक भडक असतं. नावं अंगावर येणारी, सासू छळणारीच, रडणं लाउडस्पीकरमधून चार शेतं ओलांडून जाणारं, मधेच कथेशी घेणंदेणं नसलेला नाच. तालमी कमी आणि प्रॉम्प्टरवर भिस्त फार. दर्जाचा विचार करणारा म्हणेल, हीच का तुमची पंचक्रोशी? प्रेक्षकाच्या हाती दोरी दिली की कला अशीच घसरणार. मला या आक्षेपाचा राग येत नाही. पडदे रंगवताना मीही मनात हेच म्हटलेलं आहे. पण दर्जा कुठून येतो? शेकडो रात्री, हजारो प्रयोग, त्यातली नव्वद टक्के सुमार, आणि त्या सुमारातून घडलेला नट, घडलेला कान. मराठी संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात काय सगळीच नाटकं उत्तम होती? त्यातलं निवडक आपल्याला आठवतं, उरलेलं काळानं गाळून टाकलं. गाळण्यासाठी आधी काही ओतलेलं असावं लागतं. जिथं वर्षाला अनुदानाचे दोन प्रयोग होतात आणि समोर बसलेले सगळे एकमेकांचे मित्र असतात, तिथं भडकपणा नसतो हे खरं, पण गाळण्यासारखंही काही नसतं.

शिवाय गावचा प्रेक्षक बिनडोक असतो, ही समजूत त्याच्या शेजारी कधी न बसलेल्यांची आहे. सिंधुदुर्गात दशावतार बघा. लिहिलेली संहिता नाही, संवाद उभ्या-उभ्या रचायचे, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याला पुराण नटापेक्षा जास्त माहीत. चुकीचा दाखला दिला की जत्रेतच पकडतात. माझा स्वतःचा अनुभव लहान आहे, पण सांगतो. एका मंडळासाठी मी राजवाड्याचा पडदा रंगवला होता. नागपुरात शिकलेलं सगळं त्यात ओतलं: कमानी, छायाप्रकाश, खोली. नाटक संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका आजीनं मला बोलावून विचारलं, “महाल बरा काढलास गा, पन दार कोठी आहे? राजा येईल कोठून?” राजा रात्रभर भिंतीतून आत येत होता, आणि हे मला, दिग्दर्शकाला, कुणालाच दिसलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी दार काढलं. माझ्या चित्रांवर आजवर शहरात जे बोललं गेलं, त्यात या एका वाक्याइतकं कामाचं काही नव्हतं.

शहरात काय बोललं गेलं, तेही सांगतो. एका खरेदीदाराला माझं बांधीचं, म्हणजे धानाच्या शेताचं, चित्र आवडलं, फक्त ट्रॅक्टर काढून तिथं बैलगाडी टाका म्हणाला. ट्रॅक्टरमुळे गावपण हरवतं. आमच्या गावात आता उरलेले बैल बरेचसे पटाचे आहेत, गाडीला जुंपायचे नाहीत. म्हणजे मी राहतो ते गाव खोटं आणि त्याच्या भिंतीवरचं खरं! मला पैशांची गरज होती, मी बैलगाडी काढली. हे लपवत नाही. पण त्या दिवशी मला कळलं, की मी गावात राहून शहराचा नोकर होऊ शकतो. पत्ता खेड्याचा, मालक लांबचा. आपल्या ग्रामीण साहित्याचंही थोडंसं असंच झालं. गाव लिहिण्याचा विषय झाला, पण वाचक राहिला शहरातच. गावाविषयीचं पुस्तक गावात विकत मिळत नाही, हे कुणाला विचित्रही वाटलं नाही.

वारली चित्रांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिथं मला सरळ निकाल देता येत नाही. लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी, तांदळाच्या पिठानं, गेरूच्या भिंतीवर. मधे पालघट देवी, आणि लग्न लावायला धवलेरी. चौक चुकला तर लग्नच अडणार, म्हणजे बघणाऱ्यांचा धाक केवढा असेल! सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींसारख्या माणसांनी पाड्यांवर कागद पोचवला. गंजाडचे जिव्या सोमा मशे चौकातून बाहेर पडले, १९७५ मध्ये मुंबईच्या कलादालनात त्यांचं प्रदर्शन झालं, पुढे ते जगभर गेले, २०११ ला पद्मश्री आली. थोर चित्रकार, यात वादच नाही, आणि कागद आला नसता तर कदाचित ते आपल्याला कळलेच नसते. कागदासोबत पैसाही आला, दुष्काळात तो फार मोठा होता. पण त्याचबरोबर बायकांच्या हातातलं काम मोठ्या प्रमाणावर पुरुषांच्या हातात गेलं, आणि तारपा नाचाचं चक्र कपांवर, उशांवर, विमानतळाच्या भिंतींवर फिरायला लागलं. २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकनानं नाव राखता येतं. रेष चुकली हे सांगणारी धवलेरी मात्र त्या कपाच्या खरेदीत कुठंच नसते. मशे टिकले कारण ती शिस्त त्यांच्या हातात आधीच मुरलेली होती. ज्या पोरानं चौक कधी लिहिलाच नाही आणि थेट उशीपासून सुरुवात केली, त्याला कुणाचा धाक?

मोबाइलवाल्यांना मी सहज उडवून लावणार नाही. अहिराणी गाणी बघा. साध्या कॅमेऱ्यावर, शेतात आणि गावच्या चौकात चित्रित झालेली, आणि बघणारे कोटींच्या घरात. प्रमाण मराठीचे रखवालदार ज्या बोलीला अडाणी म्हणत, तिनं कुणाचीही शिफारस न घेता बाजार उभा केला. पण हे यश कशाचं? ‘जगापर्यंत पोचण्याचं’ म्हणतात. जग अहिराणी ऐकत नाही. ऐकतात ते धुळे-जळगाव-नंदुरबारचे लोक, आणि सुरत-नाशिक-पुण्याला पोटासाठी गेलेले त्यांचे भाऊबंद. हळदीला, लग्नाला ती गाणी वाजतात. म्हणजे ते अण्णाभाऊंचंच गिरणगाव आहे, फक्त विखुरलेलं. जे पोरगं आपल्या माणसांना सोडून ‘जगासाठी’ चित्रफीत करतं, त्याचा हात बैलगाडीकडेच जातो. आणि मोबाइलच्या मालकानं उद्या नियम बदलले, तर वडशासारखं कार्यालयात जाऊन भांडता येत नाही. भांडायला समोर माणूस लागतो.

मग सरकारनं काय करावं? आजवर जे केलं त्यातून त्याचा विचार दिसतोच. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची योजना घ्या. अलीकडेपर्यंत तिच्यात तीन वर्ग होते: राष्ट्रीय पातळीचा ‘अ’, राज्याचा ‘ब’ आणि जिल्ह्याचा ‘क’, त्याप्रमाणे रक्कमही उतरती. गावाजवळ राहाल तेवढी अक्षरमालेत खाली घसरण! आता वर्ग मोडून सगळ्यांना दरमहा ५,००० रुपये केले, हे चांगलं झालं, मनापासून म्हणतो. पण पन्नाशीनंतर मिळणारा हा पैसा कलेला नाही, म्हातारपणाला आहे. पंचवीस वर्षांच्या पोरीला तालमीसाठी खोली हवी असते, तेव्हा सरकार कुठं असतं? ते महोत्सव भरवत असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवस, मोठा मंडप, बाहेरून आलेले पाहुणे कलाकार, आणि उद्घाटनाला स्थानिक मंडळींचं पंधरा मिनिटांचं नृत्य. त्या खर्चात किती गावांच्या वर्षभराच्या तालमी झाल्या असत्या, हा हिशेब कुणी मांडत नाही.

मला मागायच्या गोष्टी किरकोळ आहेत, म्हणून त्या कुणाच्या भाषणात येत नाहीत. मुक्कामी एसटी हवी. आमच्याकडे तालीम रात्री नऊला रंगात येते आणि शेवटची गाडी सातला निघून गेलेली असते. शेजारच्या गावची मुलगी एवढ्या एका कारणानं नाटकातून गळते, आणि मग तिच्या जागी बाहेरून नटी आणावी लागते. गावच्या वाचनालयाचं अनुदान वेळेवर हवं, म्हणजे गावावरचं पुस्तक निदान गावात मिळेल. रात्रीची वीज हवी. आणि ज्याला गाव सोडूनच जायचं आहे, त्याला आडकाठी नको. माझी पुतणी गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेली. मीच तिला वडशाच्या स्टेशनवर सोडायला गेलो होतो. परत ये, असं मी म्हणालो नाही. काय बघून परत ये म्हणू?

एक गोष्ट तर आमच्याकडे आधीच आहे. आमदार निधीतून बांधलेलं समाजमंदिर, पत्र्याचं छत, पुढे ओटा, दारावर संगमरवरी पाटी. पाटीवर सात नावं. आत धानाची पोती ठेवलेली असतात. किल्ली कुणाकडे आहे, हे विचारायला यंदा मंडळातली पोरं तीनदा ग्रामपंचायतीत जाऊन आली; तालमी सध्या माझ्या पडव्यात चालू आहेत, आणि पडदे मी अंगणात रंगवतो.